घरचं आरोग्य : कवळी बरी की पक्के दात?



रिसोड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र परवा हाती आलं. त्या लिहितात, ‘‘ताई, माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. वरचे सगळे दात गेले, खाली पाचच उरलेत आणि त्यातले तीन हलतात. आताशा त्या पंगतीत बसत नाहीत. सगळ्यांची जेवणं आटोपली की वरणात भाकर कुस्करून एकट्याच जेवतात. बोलताना तोंडाला पदर लावतात. पुण्याचे भाऊजी म्हणतात, इम्प्लांटच करू, पैशाचं मी बघतो. घरी हे म्हणतात, या वयात एवढा खर्च कशाला, कवळी बसवून टाकू. या वादात दोन वर्षं गेली. त्यांना साखरेचा आजार आहे, मिसरीचीही सवय आहे. आम्ही काय करावं?’’

पत्र दोनदा वाचलं. थोरल्याचं म्हणणं त्यात आहे, धाकट्याचं आहे. सासूबाईंचं मात्र एकही वाक्य नाही! पण ते शेवटी बोलू. आधी या दोन्ही गोष्टी म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेऊ या.

कवळी आपल्या ओळखीची. हिरड्यांचं माप घेऊन बनवलेले, काढता-घालता येणारे दात. शस्त्रक्रिया नाही, खर्च बेताचा. मात्र ती एका फेरीत होत नाही बरं का! आधी कच्चं माप, मग पक्कं माप, मग वरचा-खालचा जबडा कसा जुळतो ते पाहणं, मग मेणात बसवलेले दात घालून पाहणं आणि शेवटी तयार कवळी, अशा चार-पाच खेपा होतात. यातली मेणाच्या दातांची खेप फार महत्त्वाची. तेव्हा आरसा मागून घ्यावा, चार वाक्यं बोलून पाहावीत, दात फार मोठे किंवा फार पांढरे वाटले तर तिथेच सांगावं. लग्नातला एखादा हसरा फोटो असेल तर तोही सोबत न्यावा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

कवळीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वरची कवळी टाळूला धरून बसते, त्यामुळे सहसा टिकते. खालची मात्र जिभेच्या हालचालीने उचलली जाते, म्हणून तक्रारी बहुधा खालच्या कवळीच्याच असतात. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर अस्सल दातांच्या पाव हिश्शाच्या आसपासच येतो. भाकर, भाजी, भात जमेल. भाजलेले फुटाणे किंवा ऊस यांची आशा धरू नये. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं, आणि एकदा चपखल बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. मग ती आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते.

आता इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूची बारीक खुंटी बसवतात आणि तिच्यावर दात चढवतात. स्वीडनचे डॉक्टर ब्रॉनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात अशा खुंट्या बसवल्या, आणि त्या त्याला चाळीसएक वर्षं, मरेपर्यंत पुरल्या. हे दात हलत नाहीत, जोरात चावता येतं, आणि त्या जागचं हाडही बरंच टिकून राहतं.

पण खर्च मोठा. खासगी दवाखान्यात एकेका दातामागे दहा-दहा हजारांच्या पटीत हिशेब चालतो. खुंटी हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने द्यावे लागतात, आणि मधल्या खेपा वेगळ्या. हाड पुरेसं आहे का, हे एक्स-रे किंवा स्कॅनवरून ठरतं. वयाची आडकाठी नसते. ६२ काय, सत्तरीतही करतात. खरी आडकाठी असते ती साखर हाताबाहेर असली तर आणि तंबाखू सुटली नाही तर. मिसरी, खर्रा, बिडी, सगळं त्यात आलं. जखम भरत नाही आणि खुंटी सुटते. मिसरी म्हणजे दातांचं औषध, असं आपल्याकडे अजून पुष्कळ बायका मानतात. भगिनींनो, ती जाळलेली तंबाखूच आहे! तिने हिरड्या मागे सरतात, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. कोणताही उपाय निवडा, सुरुवात मिसरी सोडण्यापासूनच.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही बायका गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतात, काहींना रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. दात काढण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नये.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सगळे दात इम्प्लांटचे करायची गरज नसते. खालच्या जबड्यात दोनच खुंट्या बसवून त्यांच्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. २००२ साली कॅनडात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय असावा, असं मत दिलं होतं. तेव्हा पत्रातल्या सासूबाईंसाठी मला हा क्रम सुचतो : आधी साखर तपासून ताब्यात आणावी. खालचे दोन घट्ट दात घाईने काढू नयेत. ते वाचत असतील तर त्यांच्या आधाराने खालची कवळी बसते. वर साधी पूर्ण कवळी करावी. पुढे खालची सैल वाटली, तर दोन खुंट्यांचा विचार तेव्हाही करता येईल. आज कवळी घेतली म्हणून ते दार बंद होत नाही. अर्थात तोंड तपासून शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करावी. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात. वेळ जास्त लागतो, पण पैसे कमी पडतात. मात्र बाजारात, यात्रेत तासाभरात ‘पक्का दात’ चिकटवून देणाऱ्यापासून लांबच राहा. त्या मसाल्याखाली अन्न कुजतं आणि शेजारचे चांगले दातही जातात. डॉक्टरांची दंत परिषदेत नोंदणी आहे ना, हे विचारायला लाजू नये.

कवळी आल्यावर हे सांभाळा :

• पहिले काही दिवस लाळ सुटते, बोलताना जीभ अडखळते. रोज थोडी पोथी किंवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं.

• मऊ अन्नापासून सुरुवात करावी. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा.

• टोचलं तर घरी कानशीने घासू नये. डॉक्टरांकडे जाण्याआधी काही तास कवळी घालावी, म्हणजे नेमकी जागा दिसते.

• रात्री काढून पाण्यात ठेवावी. हिरड्यांनाही विसावा हवा.

• मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवावी. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवावं. निसटली तरी फुटत नाही.

इम्प्लांट केलं तरी घासणं सुटत नाही. खुंटीभोवती घाण साचली तर हिरडी सुजते, हाड झिजतं आणि एवढा खर्च वाया जातो.

आता राहिलेली गोष्ट. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं एवढंच सांगणं आहे : आज संध्याकाळी दोघीच असाल तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘‘आई, तुम्हाला काय वाटतं?’’ कदाचित त्यांना शस्त्रक्रियेची भीती असेल. कदाचित पोरांचा पैसा खर्च होईल म्हणून त्या गप्प असतील. किंवा पुन्हा एकदा ठेचा-भाकर चावून खावी, एवढंच त्यांच्या मनात असेल. जन्मभर घरातल्यांची पानं वाढून शेवटी आपलं वाढून घेणारी बाई दात दुखला तरी आधी सांगत नाही. तिच्या दातांचा निर्णय तरी तिला विचारून व्हावा. दोन वर्षं पुष्कळ झाली. येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, आणि पुढच्या पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवा.

तुमची ताई