साडेतीन सीसीचं इंजिन आणि युरोपचा स्फोटकांवरचा कायदा: नायट्रो आरसी रेसिंगमध्ये नेमकं काय बदललं?

स्क्रोल करताना कधीतरी तुमच्यासमोर हे रील आलं असेल. मातीचा ट्रॅक, हातभर लांबीची गाडी, मागे निळसर धूर आणि कान फाटेल असा कर्कश आवाज. गाडी उंच उडी मारते, चार चाकांवर उतरते आणि पुढच्या वळणावर गायब होते. कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहितं, 'एवढा खर्च खेळण्यावर?'

पण याच 'खेळण्या'च्या इंधनावर युरोपियन युनियनच्या कायद्याने कात्री लावली आहे. तोही प्रदूषणाचा कायदा नाही, तर बॉम्ब बनवणाऱ्यांच्या हाती रसायनं लागू नयेत म्हणून केलेला कायदा. १ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू आहे, आणि तेव्हापासून या खेळातल्या मॉडिफाइड इंजिनांचं गणितच बदललं.

हे सगळं प्रकरण काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊ.

नायट्रो इंजिन म्हणजे काय?

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. दुकानात मिळणारी रिमोटची गाडी बॅटरीवर चालते. नायट्रो गाडीत मात्र खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. पिस्टन, क्रँकशाफ्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, सगळं काही.

१:८ मापाच्या ऑफ-रोड बगीला, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराच्या गाडीला, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जास्तीत जास्त ३.५ सीसीचं इंजिन चालतं. आपल्या स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं आहे. म्हणजे स्प्लेंडरच्या एका इंजिनात अशी जवळपास २८ इंजिनं मावतील.

आता ताकद बघा. स्प्लेंडर साधारण ८ हॉर्सपॉवर देते. रेसिंगच्या ३.५ सीसी इंजिनांसाठी कंपन्या अडीच हॉर्सपॉवरच्या आसपासचा दावा करतात. आकार अठ्ठावीसपट लहान, पण ताकद फक्त तीन-सव्वातीनपट कमी. दावा थोडा फुगवलेला धरला तरी फरक डोळ्यात भरतो.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वेग. ही इंजिनं मिनिटाला ३५ ते ४० हजार फेरे घेतात. टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेऱ्याला एकदा इंधन पेटतं. ३६ हजार फेरे धरले तर सेकंदाला ६०० वेळा.

दुसरं कारण म्हणजे इंधन. आणि कायद्याची भानगड इथेच सुरू होते.

या इंधनात असतं तरी काय?

तीन गोष्टी: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. तेलात बऱ्याचदा एरंडेलही असतं. हो, आजीने पोट साफ व्हायला दिलेलं तेच. जगातलं सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही गुजरातमध्ये पिकतं.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. त्याऐवजी ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटंसं वेटोळं असतं. सुरू करताना बॅटरी लावून ते लालबुंद करायचं. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढायची. मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्यातली रासायनिक क्रिया आणि ज्वलनाची उष्णता यामुळे ती तार तापलेलीच राहते.

मग नायट्रोमिथेन कशाला? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास. नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. जेवायला बोलावलेला पाहुणा स्वतःचा डबा घेऊन आला, तसा हा प्रकार. वजनाला वजन धरलं तर नायट्रोमिथेनमध्ये पेट्रोलच्या जेमतेम पाव ऊर्जा असते. पण हवा कमी लागत असल्याने सिलिंडरमध्ये इंधनच खूप जास्त ओतता येतं. परिणामी तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते.

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅग रेसिंगच्या अजस्र गाड्या ९० टक्के नायट्रोमिथेनवर पळतात. आरसीमध्ये अमेरिकेत २० ते ३० टक्क्यांचं इंधन सर्रास वापरलं जातं.

मग कायदा मध्ये कुठून आला?

१९९५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये सरकारी इमारतीबाहेर ट्रकमध्ये बॉम्बस्फोट झाला. १६८ जण मारले गेले. त्या बॉम्बमध्ये नायट्रोमिथेन वापरलं होतं, आणि ते रेसिंगचं इंधन म्हणून विकत घेतलेलं होतं. तेव्हापासून हे रसायन सुरक्षा यंत्रणांच्या नजरेत आहे.

युरोपियन युनियनने २०१३ मध्ये स्फोटकांसाठी वापरता येणाऱ्या रसायनांवर नियम आणला. त्यात सामान्य नागरिकासाठी नायट्रोमिथेनची मर्यादा वजनाच्या ३० टक्के होती. २०१९ च्या नव्या नियमाने ती १६ टक्क्यांवर आणली. त्याहून जास्त हवं असेल तर परवाना लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे प्रत्येक देश ठरवतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे टक्के वजनाचे आहेत. आरसीवाले मात्र वर्षानुवर्षं इंधन आकारमानाने मोजत आले. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरंच जड असतं. त्यामुळे वजनाचे १६ टक्के म्हणजे आकारमानाने साधारण १२ टक्केच भरतात. जुने ३० टक्के म्हणजे साधारण २४-२५. थोडक्यात, बाटलीतलं नायट्रो जवळपास निम्म्यावर आलं.

मॉडिफाइड इंजिनांचं काय झालं?

मॉडिफाइड इंजिन म्हणजे कंपनीतून आलेलं इंजिन उघडून, कारागिराने हाताने सुधारलेलं इंजिन. त्यात मुख्यतः ही कामं होतात:

- पोर्टिंग: स्लीव्हमधल्या खिडक्या, जिथून मिश्रण आत येतं आणि धूर बाहेर जातो, त्यांची उंची आणि कोन बदलणं. मिलिमीटरच्या अंशाचा फरकही ताकद खालच्या फेऱ्यांवर मिळणार की वरच्या, हे ठरवतो.
- क्रँकशाफ्ट: कडा घासून धारदार करणं, पोकळी भरून मिश्रणाला गुळगुळीत वाट देणं, तोल साधायला टंगस्टनचे तुकडे बसवणं.
- बेअरिंग: स्टीलऐवजी सिरॅमिकच्या गोळ्या.
- हेड: ज्वलनकक्षाचा आकार बदलणं आणि त्याखालच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून कॉम्प्रेशन ठरवणं.

नव्या नियमाचा सगळ्यात मोठा परिणाम या शेवटच्या मुद्द्यावर होतो. नायट्रो जास्त असेल तर कॉम्प्रेशन कमी ठेवावं लागतं, नाहीतर मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि प्लग, पिस्टन खलास. नायट्रो कमी केलं की उलटं. शिम काढायची, कॉम्प्रेशन वाढवायचं, प्लग बदलायचा, कार्ब्युरेटरची सुई नव्याने लावायची. जुन्या इंधनासाठी घडवलेलं इंजिन नव्या इंधनावर चालतं, पण रडतखडत.

याचा एक फायदाही आहे. कमी नायट्रोचं इंजिन इंधन कमी पितं. मोठ्या स्पर्धांची फायनल तासभर चालते आणि १:८ बगीची टाकी जेमतेम १२५ मिलिलिटरची. दर आठ-दहा मिनिटांनी पिटमध्ये यावं लागतं. टाकी एखादा लॅप जरी जास्त टिकली, तरी तासाभरात एक पिट स्टॉप वाचू शकतो.

मग तोटा कोणाचा?

वरवर पाहिलं तर सगळ्यांसाठी एकच नियम, म्हणजे स्पर्धा समान. पण रेसिंगमध्ये एक दार बंद केलं की पैसा दुसऱ्या दाराने आत येतो. पूर्वी ताकद बाटलीतून मिळायची आणि बाटली सगळ्यांना सारख्याच भावात. आता तीच ताकद ज्वलनकक्षाच्या आकारातून आणि पोर्टिंगमधून काढावी लागते. ते कसब मोजक्या कारागिरांकडे आणि कंपन्यांच्या टीमकडे आहे.

चांगलं रेसिंग इंजिन साधारण ३०० ते ५०० डॉलरला मिळतं. मॉडिफिकेशनचा खर्च वेगळा. कंपनीच्या ड्रायव्हरला नवं हेड आणि प्लग घरपोच मिळतात. शनिवार-रविवारी खेळणाऱ्या हौशी माणसाला खिशात हात घालावा लागतो. सुरक्षेसाठी केलेला नियम चुकीचा होता असं नाही. पण त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, हे सांगायला हवं.

त्यात बॅटरीचं आव्हान आहेच. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीवरच्या गाड्या वेगवान आहेत, आवाज करत नाहीत आणि सुई लावायची कटकट नाही. ट्रॅकशेजारच्या सोसायटीची तक्रारही येत नाही. त्यामुळे नव्या पोराला नायट्रोपेक्षा इलेक्ट्रिक सोपी वाटते. नायट्रोचा खरा बालेकिल्ला उरतो तो तासाभराची फायनल आणि पिटमधली धावपळ.

आपला काय संबंध?

आपल्याकडे हा खेळ छोटा आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टेक फेस्टमध्ये इंजिनवाल्या रिमोट कारच्या शर्यती होतात, तिथूनच अनेकांना नाद लागतो. युरोपचा नियम आपल्याला लागू नाही. पण धडा लागू आहे.

कारण बाटलीतला सर्वात मोठा भाग असतो मिथेनॉल. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक जीव घेतले, ते याच रसायनामुळे. ते पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. शिवाय ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की इंधन बिघडतं. हे इंधन विमानात सामानातून नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून फेस्टच्या पिटमध्ये हे इंधन पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं दिसलं, तर आधी त्यावर लेबल लावा, मग रील काढा. एक अपघात झाला, तर आपल्याकडे मर्यादा १६ टक्क्यांवर थांबणार नाही. थेट बंदीच येईल.