'कळावे'च्या खालची ओळ

मराठीतील पत्रवाङ्मयाच्या विवेचनात एक गृहीतक निमूटपणे वावरत असते. पत्राचा अर्थ त्याच्या मजकुरात असतो. मायना आणि समाप्ती ही केवळ टरफले. 'कळावे, लोभ असावा ही विनंती' हे शब्द विनंती म्हणून कोणीच वाचत नाही, तेव्हा ते अर्थशून्य. याकबसनच्या परिभाषेचा आधार घ्यायचाच तर केवळ संपर्क राखण्यापुरते. त्यामुळे पत्रे छापताना या ओळी गाळणे हा संपादकीय अपराध न ठरता काटकसर ठरते.

या काटकसरीला तात्त्विक पाठबळही मिळाले आहे. मिशेल फूकोने १९६९च्या 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, खासगी पत्राला सही करणारा असतो, कराराला हमीदार असतो. लेखक मात्र दोहोंनाही नसतो. यातला हमीदार मान्य करायला हरकत नाही. रोह्याशी ज्यांचे घराणे निगडित होते ते चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. नोटेवरील त्यांची सही कोणत्याही 'धारकास' वचन देते. तिथे देशमुख कोणाचे कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. पत्रातील सही अशी एकटी येत नाही. मजकूर आणि नाव यांच्यामध्ये तिथे एक पद उभे असते: 'आपला', 'तुझी', 'आज्ञाधारक', 'नम्र'. मराठी व्याकरणाचा इथला खेळ लक्षात घेण्याजोगा आहे. 'आपला' हे षष्ठीचे रूप लिंगवचनाने अनुसरते ते सही करणाऱ्याला. म्हणजे लिहिणारा स्वतःला पत्र घेणाऱ्याच्या मालकीची वस्तू म्हणून मांडतो, आणि त्याच अक्षरात आपण पुरुष की स्त्री हेही सांगून टाकतो. सही करणारा आधी तयार असतो आणि मग सही करतो, हे फूकोच्या विधानातील गृहीत इथे टिकत नाही. तो त्या ओळीत घडतो.

विनोबांचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक ठरावे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनायक नरहर भावे गांधीजींच्या आश्रमात 'विनोबा' झाले; म्हणजे सहीतले नावच मुळी एका नात्यातून आलेले. पुढे भूदानयात्रेत, १९५७ मध्ये, 'जय हिंद'च्या पलीकडे जाऊन त्यांनी 'जय जगत्' हा घोष दिला, आणि त्यांच्या पत्रांच्या अखेरीसही तोच येऊ लागला. चरित्रकार याची नोंद विश्वबंधुत्वाचा पुरावा म्हणून करतात आणि पुढे सरकतात. संहिता म्हणून पाहता इथे मोठी उलथापालथ झालेली आहे. 'आपला' गेला, 'तुझा' गेला. पत्र घेणारा मंत्री असो की खेड्यातील कार्यकर्ता, लिहिणाऱ्याचे नाते आता त्याच्याशी नसून जगाशी आहे. हे औदार्य खरे. पण ज्याला पत्र आले त्याच्या वाट्याचा 'तुझा' त्यात हरवला, हेही तितकेच खरे. दलित चळवळीतील पत्रांमधला 'जयभीम' याच्याशेजारी ठेवावा. तोही 'जय'च, पण जगात विरून न जाणारा. 'साष्टांग नमस्कार' घालायला लावणारी व्यवस्था नाकारून लिहिणारा कोणत्या परंपरेत उभा आहे, हे नेमके सांगणारा. मजकूर तोच ठेवून या दोन समाप्तींची अदलाबदल केली तर पत्रे बदलतात. मग त्यांना टरफल कसे म्हणावे?

जुन्या मराठी दस्तऐवजांना हे माहीत होते. शिवकालीन पत्राखालील 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा मजकूर संपल्याची खूण होती, जेणेकरून तिच्यापुढे कोणाला काही वाढवता येऊ नये. निरक्षर पाटलाची निशाणी नांगर असे, स्त्रीची बांगडी. नाव लिहिता न येणाराही आपण कोण आहोत हे सांगितल्याशिवाय कागद सोडत नसे. आजच्या भ्रमणध्वनीवरील संदेशाला सही लागत नाही. नाव यंत्रच वर दाखवते. ई-मेलच्या तळाशी तर एकदाच बसवलेली ओळ आपोआप चिकटते, मग पत्र शोकाचे असो वा थकबाकीचे. निवडीचे स्वातंत्र्य वाढले असे यावर म्हटले जाते. पण एकदाच केलेली निवड प्रत्येक पत्रासाठी केलेली निवड नव्हे.

आणि समाप्ती निरर्थक असेल तर पुढच्या कागदाचे काय करायचे? २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचे जनमत घेतले गेले. जमीन देणार नाही असे सरकारला कळवणारा अर्ज मराठी शेतकरी ज्या प्रघाताने लिहितो, त्यात नकाराच्या शेवटच्या वाक्याखाली 'आपला विश्वासू' असे येते आणि मग सही किंवा अंगठा. 'युवर्स फेथफुली'चे हे मराठी रूप इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांनी शिकवलेले. ते उपरोधाने लिहिलेले नसते, निष्ठेनेही नाही. तरी मामलेदाराच्या टेबलावर नकार आणि निष्ठा एकाच कागदावर पोचतात. फक्त 'मजकूर' छापणाऱ्या संपादकाच्या हाती यातला नकार तेवढा उरेल.