होडी छोटी, पण जाळ्याचा आस केवढा?

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळा म्हणजे बऱ्याच माशांचा विणीचा काळ, त्यात दर्या खवळलेला. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना मात्र सूट आहे. हिशेब सरळ आहे, छोटी होडी मारून मारून किती मासा मारणार?

हा हिशेब निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा होडीत नाही, जाळ्यात आहे.

पालघर जिल्ह्याचंच बघा. सातपाटीकडे पापलेटसाठी जाळं पाण्यात भिंतीसारखं सोडतात. आस मोठा असला की पिल्लू त्यातून निसटतं, मोठा मासा कल्ल्याशी अडकतो. वसई-अर्नाळा बाजूची डोल वेगळी. ती म्हणजे एका जागी बांधून ठेवलेली लांबलचक पिशवी. भरती-ओहोटीच्या ओढीनं जे येईल ते आत. पिशवीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे खोल्याला, आस अगदी बारीक. जवळा धरायचा तर बारीकच लागणार, त्यात कोळ्याची चूक काय? पण पिल्लं वाढतात तीही याच उथळ पाण्यात. मग जवळा, बोंबील, मांदेलीबरोबर पापलेटची बोटभर पिल्लंही खोल्यात येतात. बियाण्याचं भात कांडून खावं, तसला हा प्रकार.

2023 मध्ये चंदेरी पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर, त्याहून लहान धरायचा नाही. नियम चांगला आहे. पण लांबी मोजायची कुठे? बंदरावर? तिथे येईपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. दंड झाला तरी ते जिवंत होत नाही, पाण्यात परत टाकलं तर फक्त वाया जातं. पट्टी माशाला लावण्याआधी खोल्याला लावली पाहिजे.

छोट्या मच्छीमारांचं म्हणणंही खोटं नाही. ट्रॉलरच्या जाळ्याचा आसही बारीकच असतो, आणि तो तळ खरवडत जातो. त्यातली पिल्लं टनाच्या हिशेबानं फिशमीलच्या कारखान्यात जातात. ते चालू ठेवून आधी डोलवाल्याला धरलं, तर किनाऱ्यावर कोण ऐकेल?

जवळ्याचा खोला वेगळा आणि बोंबलाचा वेगळा, मोठ्या आसाचा, हे करता येण्यासारखं आहे. पिल्लं कुठल्या उधाणाला जास्त येतात हे डोलवाल्यांना पाठ असतं. तेवढे दिवस बारीक खोला बंद ठेवायचा, हे सोसायटीच्या बैठकीत ठरू शकतं. अडतं ते पैशावर. नवा खोला विकत घ्यायचा आणि वर बारीक माल सोडून द्यायचा, म्हणजे घरात दुहेरी खोट. दंडाचे आकडे सरकारनं ठरवलेत. खोला बदलायला किती देणार, तो आकडा डोलवाल्यांना अजून ऐकायचा आहे.