मॉडेल जुळलं, कार्डाचं काय?
सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवण्याआधी ती बनवणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन यादीत दोघांचं जमतं का, हे पाहावं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शोधलं जातं ते सर्व्हरचं मॉडेल, आणि घोडं पेंड खातं ते आतल्या कार्डापाशी. २०१९मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८चंच पाहा. एलएसआय एसएएस २००८ हा स्टोरेज कंट्रोलर ७व्या आवृत्तीत बिनबोभाट चालायचा. ८व्या आवृत्तीत ड्रायव्हर राहिला, पण त्यातून या चिपचा क्रमांक, १०००:००७२, वगळला गेला. परिणामी सर्व्हर सुरू होतो, इन्स्टॉलरही येतो, फक्त त्याला डिस्क दिसत नाहीत. असल्या याद्या म्हणजे नवी यंत्रं खपवायची युक्ती, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही: ईएलरेपो या स्वयंसेवी भांडारातला ड्रायव्हर घातला की तेच कार्ड चालतं, रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्सने तर वगळलेल्या अशा बऱ्याच हार्डवेअरला पुन्हा आत घेतलं. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून यंत्र भंगारात काढायचं कारण नाही. बिघडलं तर कंपनी हात लावणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरच्या प्रयोगाला ते खपून जातं, बँकेच्या डेटाबेसला नाही. तिथे 'एलएसपीसीआय -nn' ही आज्ञा चालवून कार्डाचा क्रमांक काढावा आणि वगळलेल्या हार्डवेअरच्या यादीशी ताडून पाहावा, तोही नव्या आवृत्तीच्या खरेदीची ऑर्डर निघण्याआधी.