मालक आणि हमाल: एकच माप का?

अमली पदार्थांचा व्यापार हा माणसाच्या नाशावर नफा कमावणारा धंदा आहे. पंजाबातील खेड्यांपासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांपर्यंत त्याने कुटुंबेच्या कुटुंबे उद्ध्वस्त केली आहेत. त्याविरुद्धचा कायदा कठोर असावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा की, ही कठोरता प्रत्यक्षात कोसळते कोणावर? एकाच गुन्ह्यातील सहआरोपींना शिक्षा देताना कायदा त्यांच्यातील भेद ओळखतो काय?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि मालाच्या वजनानुसार शिक्षेच्या तीन पायऱ्या ठरल्या. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंतचा साठा अल्प, तर २५० ग्रॅमच्या वरचा व्यापारी समजला जातो. व्यापारी साठ्याला १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. पूर्वीच्या सरसकट शिक्षेपेक्षा ही व्यवस्था निःसंशय बरी होती. परंतु तिने मालाचे वजन मोजले, गुन्ह्यातील माणसाचा वाटा मोजला नाही. त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला. गल्लीत भेसळीची पुडी विकणारा आणि शुद्ध मालाचा मोठा व्यापारी यांच्यातील अंतर त्यामुळे आणखी पुसले गेले.

कलम २९ प्रमाणे कटात सामील असणाऱ्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. म्हणजे भांडवल पुरवणारा, सौदा जुळवणारा आणि चार पैशांच्या मजुरीसाठी पिशवी वाहणारा, या तिघांपैकी कोणालाही व्यापारी साठ्याच्या गुन्ह्यात १० वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. कलम ३२-ब मध्ये किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देण्याची कारणे नमूद आहेत. ती कमी करण्याचे एकही कारण नाही. न्यायाधीशाला वर चढण्यासाठी शिडी दिली आहे, खाली उतरण्यासाठी नाही.

सर्वांना एकच शिक्षा म्हणजे समता, असे काहीजण म्हणतील. ही समता फसवी आहे. सारखेच काम करणाऱ्या दोन वाहकांपैकी एकाला १० आणि दुसऱ्याला १५ वर्षे देणे हा जसा अन्याय, तसाच मालक आणि हमाल यांना एकाच तराजूत तोलणे हाही अन्यायच होय. न्यायालय मालकाला २० वर्षे देऊ शकते हे खरे; पण त्यासाठी मालक आधी पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे. माल सापडतो तो वाहकाच्या हाती.

दंडाची तरतूद तर उघडउघड पैसेवाल्याच्या सोयीची आहे. १ लाख रुपये धनदांडग्याला किरकोळ. मजुराला ते न भरता आल्यास त्याची कैद वाढते. २००७ साली मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे दारिद्र्य लक्षात घेऊन दंडाबदलची ३ वर्षांची कैद ६ महिन्यांवर आणली. न्यायालयाने हे औदार्य दाखवले. कायद्यात मात्र ते नाही. कलम ६४ चा रोखही असाच आहे. खरी व संपूर्ण माहिती देणाऱ्यास सरकार खटल्यातून मुक्तता देऊ शकते. टोळ्या फोडण्यास याचा उपयोग होतो हे नाकारता येत नाही. परंतु देण्याजोगी माहिती असते ती वरच्या साखळीतल्याजवळ. ज्याला फक्त पिशवी आणि पत्ता ठाऊक, त्याच्यापाशी सौद्याला काहीच नसते.

वाहक निर्दोष आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्यानेही विष वाहिले आहे आणि शिक्षा त्याला झालीच पाहिजे. परंतु ती त्याच्या वाट्याइतकी हवी. यासाठी संसदेने तीन गोष्टी कराव्यात. केवळ वाहक असल्याचे सिद्ध झाल्यास, कारणे नोंदवून किमानाखाली शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा. दंड आरोपीच्या ऐपतीनुसार ठरावा. आणि मुक्ततेचा प्रस्ताव न्यायालयाच्या छाननीशिवाय अमलात येऊ नये. हमालांनी तुरुंग भरले म्हणजे धंदा मोडत नाही. दुसरा गरजू हमाल मिळवणे मालकाला मुळीच कठीण नसते.