दोष शोधण्याचेही पैसे द्या

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरते, पण चालू होत नाही. जुन्या पेट्रोल गाडीची ही तक्रार गॅरेजमध्ये गेली, की अनेकदा तपासणीआधीच नवे सामान चढते: आधी प्लग, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. याचा दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आपण पार्टचे पैसे देतो, बसवण्याची मजुरी देतो. बिघाड शोधण्यात गेलेल्या तासाचे पैसे मागितले, की मात्र ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे विचारतो. मग बघण्याचे काम घाईत उरकले जाते आणि मेहनताना पार्टच्या किमतीतून वसूल होतो. तपासणीची वेगळी फी देणे यात गाडीमालकाचेच हित आहे.

या तक्रारीत तर अंदाजाला फारसा वावच नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर बॅटरी आणि स्टार्टरवरचा संशय बहुतांशी मिटतो. उरतात पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर ओढला, की कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार दिसते. ती दिसली, तर पेट्रोल तिथवर पोचते आहे. नाही दिसली, तर पंप, फिल्टर आणि नळ्या तपासायच्या. ठिणगी पाहायची ती उघड्या पेट्रोलपासून दूर, स्पार्क टेस्टर लावून. कॉइलच्या वायरवर ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरी बघाव्यात. कॉइलवरच नसेल, तर प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत कॉइलइतकाच संशय पॉइंट आणि कंडेन्सरवर घ्यावा लागतो. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही असूनही इंजिन अगदी हलके, एकसुरी फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथे नव्या प्लगांचा काय उपयोग?

प्लग स्वस्त असतात, बदलून पाहायला काय हरकत, असे विचारले जाईल. हरकत ही, की अशी चाचणी फसवते. पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले झाले असतील, तर नवे कोरडे प्लग लावताच गाडी चालू होते. दोष प्लगचाच होता असे सगळ्यांना वाटते, आणि पेट्रोल जास्त सोडणारा कार्बोरेटर तसाच राहतो. स्कॅनर लावला की सगळे कळते, हा दुसरा भ्रम. आपल्याकडे मोटारींत बिघाडाचे कोड नोंदवणारी ओबीडी यंत्रणा २०१० पासून आणि तिची पुढची आवृत्ती २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत स्कॅनर जोडायला जागाच नाही. जिथे आहे तिथेही कोड कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते दाखवतो. त्यात सेन्सर गेला, वायर तुटली की कनेक्टर गंजला, हे मल्टिमीटर घेऊन माणसालाच शोधावे लागते.

अशा गाड्या भंगारातच काढाव्यात, असेही कोणी म्हणेल. पण खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर फिटनेस तपासून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते, आणि नवी गाडी न परवडणारी कितीतरी कुटुंबे जुन्या गाडीवरच भागवतात. चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड सर्वांत जास्त त्यांनाच बसतो. म्हणून गाडी गॅरेजमध्ये सोडतानाच तपासणीची फी ठरवावी, कोणती चाचणी केली आणि काय आढळले हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि त्यानंतरच नवा पार्ट आणायला सांगावे.