रीबूट म्हणजे दुरुस्ती नव्हे

कर्नेल, म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि उपकरणे यांचा कारभार पाहणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळत बसणे हे दुय्यम काम आहे, असा एक पक्ष पुण्याच्या संगणकक्षेत्रात मांडला जातो. नवे तेच उत्तम, जुने राखायला प्रतिभा लागत नाही आणि ड्रायव्हर अडकला तर यंत्र रीबूट केले की प्रश्न मिटतो, हा त्याचा सारांश होय.

यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे. ड्रायव्हर हा कर्नेलचा विशिष्ट उपकरण चालवणारा भाग. त्याने एखादे स्पिनलॉक, म्हणजे मिळेपर्यंत प्रोसेसरला जागीच फिरत ठेवणारे कुलूप, घेतलेले असताना त्याच प्रोसेसरवर उपकरणाचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष मागणारा संकेत, आला आणि तो हाताळणारा भागही तेच कुलूप मागू लागला, तर पहिला भाग दुसरा संपल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि दुसरा कुलूप सुटल्याशिवाय संपत नाही. लिनक्समध्ये प्रोसेसरने नेहमीच्या मांडणीत सुमारे १० सेकंद इंटरप्टच स्वीकारले नाहीत, तर पहारा देणारी यंत्रणा त्याला हार्ड लॉकअप म्हणून नोंदवते. हा दोष दोन घटनांच्या योगायोगावर अवलंबून असल्याने रीबूटनंतर तो दिसेनासा होतो आणि कामाचा ताण वाढला की परततो. दरम्यान कोणते कुलूप कोणी धरले होते याचा स्मृतीतला पुरावा मात्र रीबूटनेच पुसून टाकलेला असतो. ‘प्रश्न मिटला’ असे सांगणाऱ्यांनी तो कसा मिटला, हे कधीच सांगितलेले नाही. पुण्याजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत संगणकांवर त्या क्षणीच एकत्र करावे लागतात. तिथे यंत्र गोठले, तर त्या वेळचे आकाश रीबूट करून परत मिळत नाही.

नवे तेच उत्तम म्हणणाऱ्यांना २००५ पासून चालू असलेली लिनक्सची स्थिर शाखा ठाऊक नसावी. तिच्यात मुख्य शाखेत आधी स्वीकारलेल्या छोट्या दुरुस्त्याच घेतल्या जातात. प्रतिभेचा आक्षेप तर लॉकडेप या साधनानेच निकालात निघतो, कारण कुलपांच्या क्रमातला धोका ते प्रत्यक्ष अडकण्यापूर्वीच ओळखते.

तयार मिळते ते स्वतः कशाला करायचे, हा वादही जुनाच आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा या शहराने त्याला कृतीने उत्तर दिले होते. यंत्र आतून जाणणाराच ते कुठे अडते हे सांगू शकतो, हा त्यातला धडा आजही तितकाच खरा आहे.

म्हणून मंडन थोडक्यात असे, की ड्रायव्हरने उपकरणाच्या उत्तराची वाट पाहताना कालमर्यादा ठेवावी, यंत्र कोसळताच केडंपसारख्या सोयीने स्मृतीची प्रत जपावी आणि मगच ते पुन्हा सुरू करावे, दोषाचे मूळ सापडल्यावर दुरुस्ती लहान ठेवून मुख्य शाखेकडे पाठवावी, आणि पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम अभ्यासक्रमात मानाने शिकवावे. नवी प्रणाली लिहिणाऱ्याइतकाच, लिहिलेली प्रणाली वर्षानुवर्षे न अडकता चालवणारा अभियंताही निर्माता असतो.